आमची रवांडा, आमचा सौदी: शाळेच्या पहिल्या एमयूएनचा अनुभव

चवथीची (गणेशचतुर्थीची) साफसफाई अर्धी टाकून हे लिहायला बसले आहे. गेल्या तीन आठवड्यांत शेजारच्या दोन शाळांतल्या शिक्षिकांचे फोन आले आणि दोघींनी एकच विचारलं, "आमची पण मुलं न्यायची आहेत, सुरुवात कुठून करायची?" जूनमध्ये मी स्वतः हाच प्रश्न घेऊन बसले होते आणि विचारायला कुणी सापडत नव्हतं. म्हणून सगळं तारखांसकट, खर्चासकट मांडते.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमची बरीचशी मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. घरी कोकणी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या सभेचा सराव. प्रत्येक मुलाला एक देश मिळतो. दोन-तीन दिवस त्याने त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं, वाटाघाटी करायच्या, ठराव लिहायचा आणि शेवटी मतदान करायचं. सगळा कारभार इंग्रजीतून. आमच्या शाळेतून याआधी कुणी गेलेलं नव्हतं.

15 जून, शनिवार. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्रक आलं. पणजीजवळच्या एका शाळेत 9, 10 आणि 11 ऑगस्टला परिषद, इयत्ता आठवी ते बारावी. फी 30 जूनपर्यंत माणशी 1,400 रुपये, नंतर 1,800. सोबतच्या शिक्षकाला फी नाही, दुपारचं जेवण फीमध्येच. सोमवारी हेडमास्तर सरांकडे गेले. ते म्हणाले, "टीचर, मुलं तयार असतील तर माझी ना नाही, पण पैशांचं आणि गाडीचं तुम्ही बघा." नववी-दहावीच्या वर्गांत विचारलं तर पहिल्या दिवशी एकही हात वर आला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकेक करून सहाजण स्टाफरूमच्या दाराशी आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "इंग्लिश चुकलं तर?"

कागदपत्रांत आमचा आठवडा गेला. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची यादी, खाली हेडमास्तरांची सही आणि गोल शिक्का. प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, त्यात परतायची वेळ आणि संपर्काचा नंबर. ओळखपत्राची झेरॉक्स, एक फोटो. मग गूगल फॉर्म. त्यात प्रत्येक मुलासाठी तीन समित्या आणि प्रत्येक समितीत तीन देश पसंतीने भरायचे असतात. सहाही जणांनी पहिली पसंती भारत लिहिली. मी त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं. भारत, अमेरिका, चीन हे देश सहसा अनुभवी मुलांना देतात. पहिल्या खेपेला पसंतीत मधले देश लिहा, म्हणजे निदान आपण निवडलेलं काहीतरी पदरात पडतं.

24 जूनला सहाजणांचे 8,400 रुपये यूपीआयने भरले. पावती आली नाही. दोनदा मेल केला, उत्तर नाही. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि विसरून गेले.

3 जुलैला देशवाटप आलं. दोघं मानवी हक्क परिषदेत, दोघं लोकसभेत (बऱ्याच परिषदांत आपल्या संसदेचीही एक समिती असते) आणि दोघं संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेत. या शेवटच्या दोघांबद्दलच मी जास्त लिहिणार आहे, कारण त्यांची तयारी मी जवळून पाहिली. नववीतल्या मुलीला रवांडा मिळाला, दहावीतल्या मुलाला सौदी अरेबिया. विषय एकच, प्लास्टिक प्रदूषणावरचा जागतिक करार. तेव्हापासून आम्ही त्यांना रवांडा आणि सौदी म्हणूनच हाक मारू लागलो, अजूनही तोंडात तेच येतं.

12 जुलैला बॅकग्राउंड गाइड (समितीच्या विषयाची माहितीपुस्तिका) आलं, 24 पानं. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं. मोबाइलवर वाचू देऊ नका, कागदावर वाचलं तरच मुलं खुणा करतात. त्यातून कळलं ते असं. 2 मार्च 2022 रोजी नैरोबीत याच पर्यावरण सभेने ठरवलं की प्लास्टिकवर कायदेशीर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार करायचा. त्याच्या वाटाघाटींची चौथी फेरी एप्रिल 2024 मध्ये कॅनडातल्या ओटावात झाली, पाचवी त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर दक्षिण कोरियातल्या बुसानला व्हायची होती. भांडणाचा मुद्दा मुख्यतः हा की प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याची नीट विल्हेवाट लावायची. नॉर्वे आणि रवांडा हे मर्यादा मागणाऱ्या देशांच्या गटाचे अध्यक्ष. सौदी आणि इतर काही तेल उत्पादक देश उलट्या बाजूला. प्लास्टिक मुख्यतः तेल आणि वायूपासूनच बनतं, त्यामुळे त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. म्हणजे आमची दोन मुलं एकाच बाकावरून उठून समोरासमोर उभी राहणार होती.

रवांडाने नेटवर देशाचं नाव टाकलं तर पहिली दहा पानं 1994 च्या नरसंहाराची. ती दोन दिवस तेच वाचत होती आणि तिसऱ्या दिवशी डोळे सुजवून आली. हे वाचू नको असं मला म्हणता येईना, वाचायलाच हवं असं ते आहे. पण मग आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या पर्यावरण खात्याची पानं शोधली. रवांडाने 2008 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथले लोक ‘उमुगांडा’ करतात, म्हणजे सगळे मिळून रस्ते, गटारं, सार्वजनिक जागा साफ करतात. ती म्हणाली, "टीचर, आमच्या वाड्यावर जत्रेच्या आदी करतात तशें." तिथून तिला तो देश आपला वाटायला लागला.

एक व्यवहाराची गोष्ट. संदर्भ म्हणून विकिपीडिया चालत नाही. संयुक्त राष्ट्रांचे अहवाल, त्या देशाच्या सरकारची संकेतस्थळं आणि मोठ्या वृत्तसंस्था चालतात. समितीत कुणी आव्हान दिलं तर कागद दाखवावा लागतो, म्हणून फाइल करा आणि महत्त्वाच्या पानांना चिकटपट्टीच्या खुणा लावा.

सौदीची गोष्ट वेगळी. त्याची आई पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीवर काम करते. घरोघरचा सुका कचरा गोळा करायचा आणि शेडमध्ये बसून वेगळा करायचा. गाइड वाचून झाल्यावर तो माझ्याकडे आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "टीचर, प्लास्टिक कमी करू नका असं मी म्हणायचं? ही फट न्हय?" फट म्हणजे खोटं बोलणं.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी त्याला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब.

20 जुलैच्या शनिवारी शाळा सुटल्यावर सहाजण आणि त्यांचे पाच-सहा मित्र थांबवून घेतले आणि आम्ही वर्गात 18 डिसेंबर 1961 ची सुरक्षा परिषद भरवली. त्या दिवशी भारतीय सैन्य गोव्यात शिरलेलं होतं आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवर चर्चा चालू होती. तेव्हा परिषदेत 11 सदस्य होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मिळून ठराव आणला, की युद्ध थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने 7 मतं पडली, विरोधात 4: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. फळ्यावर मी 7 आणि 4 लिहिले. मुलांनी श्वास रोखला. मग विरोधातल्या 4 वर गोल काढला आणि म्हटलं, यात सोव्हिएत संघ आहे, त्याच्या एका नकाराने ठराव पडतो, हा नकाराधिकार. ठराव पडला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. आठवीपासून ही मुलं 19 डिसेंबरला झेंडावंदन करतात, पण आदल्या दिवशी जगाच्या पाठीवर आपल्याबद्दल असं मतदान झालं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पोर्तुगालचा भाग मी मुद्दाम सौदीला दिला होता. पोर्तुगालला मत नव्हतं, फक्त बाजू मांडायची होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझा देश 1955 पासून या संघटनेचा सदस्य आहे, आणि सनदेत बळाचा वापर करू नये असं लिहिलं आहे." वर्ग चिडीचूप. मग भारत झालेल्या मुलीने 1960 चा वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव काढला, क्रमांक 1514, आणि वसाहत हेच मुळात आक्रमण असं मांडलं. घरी जाताना सौदी म्हणाला, "टीचर, पोर्तुगालाचें कोणी सांगलें ना जाल्यार इंडियान जाप कोणाक दिवची?" म्हणजे पोर्तुगालची बाजू कुणी मांडलीच नाही तर भारताने उत्तर कुणाला द्यायचं? त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. मलाही.

दुसऱ्या आठवड्यात तो एक पिशवी घेऊन आला. त्यातून चार वस्तू काढून माझ्या टेबलावर रांगेत मांडल्या: पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट आणि शाम्पूचं एक रुपयाचं पाऊच. सगळं धुऊन, पुसून आणलेलं. "या दोन भंगारवाला घेतो. या दोन कोणी घेत नाही. आई ती वेगळ्या गोणीत भरते आणि गोणी तशीच पडून राहते." सौदी कचरा व्यवस्थापनावर भर देतो, तर मी हेच बोलणार, असं त्याने स्वतः ठरवलं.

पोझिशन पेपर 2 ऑगस्टपर्यंत द्यायचा होता. एक पान, तीन परिच्छेद: प्रश्नाची पार्श्वभूमी, देशाची भूमिका, उपाय. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पावसाने वीज जायची आणि लिहिलेलं उडायचं. शेवटी मुलांनी आधी मराठीत वहीवर लिहिलं, मग इंग्रजीत आणलं. हे अडचणीतून सुचलं, पण मी आता प्रत्येकाला हेच सांगेन. आधी आपल्या भाषेत विचार पक्का झाला की इंग्रजी वाक्यं लहान आणि सरळ येतात.

खर्चाचं सांगते. सुट्टीच्या दिवशी बालरथ (शाळेची बस) मिळाला नाही, म्हणून विंगर गाडी ठरवली, दिवसाला 3,000, तीन दिवसांचे 9,000. फी 8,400. छपाई, फायली, पेनं धरून 600. एकूण 18,000. पालक-शिक्षक संघाने 9,000 दिले, उरलेले माणशी 1,500. दोन घरांना ते जड होते, ते स्टाफरूममध्ये गोळा झाले. कपडे फॉर्मल हवे होते. ब्लेझर विकत घेऊ नका, दोन-तीन दिवसांचं काम असतं. आम्ही कॉलेजात जाणाऱ्या भावंडांचे मागितले. रवांडाच्या ब्लेझरच्या बाह्या लांब होत्या, तिच्या आजीने आतून दुमडून टाके घातले.

9 ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी. दुपारी पोचायचं होतं. लोकसभेतल्या मुलीच्या आईने सगळ्यांसाठी डबाभर पातोळ्या दिल्या होत्या, गाडीत हळदीच्या पानाचा वास भरून राहिला होता. नोंदणीच्या टेबलावर रांग, बाहेर मुसळधार. आमचा नंबर आला आणि कळलं की यादीत आमची पाचच नावं आहेत. सौदीचं नाव नव्हतं. "पेमेंट दिसत नाही." मी स्क्रीनशॉट दाखवला. त्यांना यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) हवा होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. बाकीची मुलं उद्घाटनाला आत गेली, आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. तो काही बोलत नव्हता, फाइलचं रबर काढत होता, लावत होता. दीड तासाने कुणीतरी बँकेचं स्टेटमेंट उघडून बघितलं आणि पैसे सापडले. तोवर त्याच्या समितीत हजेरी होऊन गेली होती. पैसे भरल्या दिवशीच यूटीआर नंबरसकट पावती छापून घ्या, आणि ती मिळेपर्यंत मेल नाही, फोन करा.

समितीत शिक्षकांना बसू देत नाहीत, पण मागे उभं राहून पंधरा-वीस मिनिटं बघता येतं. मी पाहिलं ते सांगते. आधी हजेरी. देशाचं नाव पुकारलं की ‘प्रेझेंट’ किंवा ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणायचं. दुसरं म्हटलं तर शेवटच्या ठरावावर तटस्थ राहता येत नाही, बाजूने किंवा विरोधात मत द्यावंच लागतं. मग भाषणांची यादी उघडते आणि मुलं प्लॅकार्ड (देशाच्या नावाची पाटी) वर करतात. रवांडाचा नंबर चौदावा. भाषणाला 90 सेकंद. ती उभी राहिली आणि "आय थिंक" म्हणाली. चेअरने (समिती चालवणाऱ्याने) मध्येच थांबवून सांगितलं की स्वतःला ‘मी’ म्हणायचं नाही, ‘रवांडाचे प्रतिनिधी’ म्हणायचं. नियम तोच आहे, आणि आम्ही त्याचा सराव केला नव्हता, ती चूक माझी. ती पुढचं विसरली. दोन वाक्यं बोलून खाली बसली. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "पन्नास सेकंद उरले."

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. पातोळ्यांचा डबा अर्धा भरलेला होता. रात्री साडेनऊला मी तिला फोन केला आणि म्हटलं, उद्या भाषण नको, फक्त चार वाक्यं मराठीत लिहून ठेव, एक-एक करून सांग. ती म्हणाली, "लिहिलीत."

शनिवारी मॉडरेटेड कॉकस होते. एक छोटा उपविषय, प्रत्येकाला 45 ते 60 सेकंद. नवख्या मुलांना हाच भाग झेपतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तिने पाच वेळा प्लॅकार्ड वर केलं आणि चार वेळा तिला बोलायला मिळालं. उमुगांडा सांगितला. एका मुलाने चिट पाठवून विचारलं, रवांडाला समुद्रच नाही, तुम्हाला सागरी प्लास्टिकशी काय घेणं? तिने उत्तर लिहिलं की नदी वाहतेच. मला ती चिट तिने नंतर दाखवली. वळणदार अक्षर, खाली रेघ.

सौदीला कुणीही आपल्या गटात घेत नव्हतं. अनमॉडरेटेड कॉकसमध्ये सगळे उठून घोळके करतात, लॅपटॉपभोवती ठराव लिहितात. आमच्या मुलांकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून ती सुरुवातीला कडेला उभी होती. मग त्याने फाइलमधून कागद काढला आणि उभ्या उभ्या एक कलम लिहिलं: अनेक थरांची पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांनी ती परत गोळा करण्याचा खर्च उचलावा आणि कचरा वेचणाऱ्या कामगारांना हातमोजे, विमा आणि ठरलेला दर मिळावा.

शनिवारी संध्याकाळी त्याच विंगरमध्ये पुढची वाटाघाट झाली. नॉर्वे, पेरू आणि रवांडा ठरावाचे प्रायोजक, म्हणजे ठराव लिहिणारे देश होते. त्यांना ठराव मांडायला दहा सिग्नेटरी (सही करणारे देश) हवे होते आणि नऊच झाले होते. रवांडा म्हणाली, "तुझं कलम आम्ही दुरुस्ती म्हणून घेतो, तू सही कर." सौदी म्हणाला, "सही करतो. सही म्हणजे फक्त चर्चेला हो. पण उत्पादनाच्या मर्यादेचं कलम आहे तोवर मत विरुद्ध पडणार." ती म्हणाली, "माहीत आहे." मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होते. मागे वळून बघायचा मोह टाळला.

रविवारी, 11 ऑगस्टला सकाळच्या हजेरीत तो ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणाला. ठाम भूमिका असलेले देश असंच म्हणतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याचं कलम प्रायोजकांनी मान्य केलं, त्यामुळे त्यावर वेगळं मतदान झालं नाही, ते ठरावात गेलं. दुपारी अंतिम मतदान. मी दाराशी उभी होते. हजर 46 देश. बाजूने 25, विरोधात 14, तटस्थ 7. विरोधाच्या हाकेला त्याने प्लॅकार्ड वर केलं, मोजणी संपेपर्यंत हात सरळ ठेवला. ठराव मंजूर झाला.

मानवी हक्क परिषदेतल्या एकाला व्हर्बल मेन्शन (तोंडी कौतुक) मिळालं. बाकीच्यांना काही मिळालं नाही. गाडीत बसल्याबरोबर पुढच्या वर्षी कुठला देश मागायचा यावरून वाद सुरू झाला, तो डिचोलीपर्यंत चालला.

प्रमाणपत्रं 30 ऑगस्टला मेलने आली. एकाच्या आडनावात चूक आहे, दुरुस्तीसाठी लिहिलं आहे. तुम्हीही आल्या दिवशी स्पेलिंग तपासा, नंतर कुणी दाद देत नाही.

एक राहिलं. 12 ऑगस्टला, सोमवारी सकाळी, पंचायतीची गाडी नेहमीप्रमाणे शाळेच्या फाटकाशी थांबली. सौदीची आई खाली उतरली, हातमोजे काढून पदराला हात पुसले आणि माझ्याकडे आली. म्हणाली, "टीचर, झिलान सांगलें, ताच्याच कलमाआड ताणें मत दिलें म्हूण. तें कशें?" म्हणजे मुलाने स्वतःच्याच कलमाविरुद्ध मत दिलं, ते कसं? मी सांगायला सुरुवात केली, सही म्हणजे काय, मत म्हणजे काय, सौदीचं म्हणणं काय. दोन वाक्यं झाली असतील, ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती गोणी उचलता उचलता म्हणाली, "राती ताकाच विचारतां." आणि गाडीवर चढली.